आहुप्याची शीळ आणि दुसरा गिअर

आप्पांना आहुप्याला घेऊन जायचं मी ठरवलं ते फ्रिजवरच्या फुग्यांच्या पाकिटामुळे. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी रोज दहा फुगे फुगवायला सांगितले होते आणि दिवसातून तीन वेळा शीळ घालायचा प्रयत्न करायला. पाकीट आठ महिने तिथेच होतं. त्यातले जे चार-पाच फुगे संपले, ते माझ्या मुलीच्या वाढदिवसाला.

आप्पा म्हणजे माझे वडील. वय एकाहत्तर, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, मूळचे जुन्नर तालुक्यातले, आता पिंपळे गुरवला माझ्याकडे असतात. मार्चमध्ये एका सकाळी त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. डोळा मिटेना, चहा ओठाच्या कडेने गळायला लागला. आमची तर पाचावर धारण बसली. डॉक्टर म्हणाले, पक्षाघात नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे. डोळा दोन महिन्यांत सुधारला, तोंडाचा कोपरा मात्र तसाच राहिला. त्याला व्यायाम दिला तर अजून सुधारेल, नाही दिला तर असाच राहील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आप्पांनी त्यावर उपाय म्हणून मफलर घेतला. भर मे महिन्यात तोंडावर मफलर!

आणि शीळ बंद झाली. ते तुम्हाला नीट सांगायला हवं, कारण हा सगळा प्रवास त्या शिळेसाठीच होता.

आप्पा आयुष्यभर एकच चाल शिळेवर वाजवत आले. दाढी करताना, सायकल पुसताना, आईची समजूत काढताना. लहानपणी मला वाटायचं ती त्यांनीच रचली आहे. कॉलेजच्या हॉस्टेलवर एका मुलीने टेपवर तीच चाल लावली, तेव्हा मी ओरडले, "ए, हे आमच्या आप्पांचं आहे!" पोरी लोळून हसल्या. मग कळलं की हे एका इटालियन संगीतकाराचं काम. अमेरिकेतले घोडेस्वार, वाळवंट, टोप्या, पिस्तुलं असले सिनेमे, आणि त्यांना ह्या माणसाने दिलेलं संगीत. एक शीळ, एक गिटारची तार, लांब कुठेतरी घंटा, मग बिनशब्दांचा बाईचा आवाज, आणि शेवटी सगळेच एकदम. मी सिनेमा पाहिला तो नंतर. गोष्ट मला अर्धी कळली, पण संगीत मी पुन्हा पुन्हा लावून ऐकलं. फक्त एक होतं. मूळ चाल ऐकताना मला कायम वाटायचं की हे लोक घाई का करतात? आप्पा पहिल्या ओळीनंतर छान थांबायचे.

आप्पांनी नव्वदच्या दशकात काही वर्षं आहुप्याची, म्हणजे आंबेगाव तालुक्यातल्या कड्यावरच्या गावाची, मुक्कामी गाडी चालवली. संध्याकाळी वर जायची, रात्री गावात मुक्काम, सकाळी परत. ऑक्टोबरात टीव्हीवर आहुप्याची देवराई दाखवली, तर हा माणूस सात महिन्यांत पहिल्यांदा सलग पंधरा मिनिटं बोलला. मी तिथल्या तिथे सुट्टी टाकली.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी सहाला निघालो. भोसरी, चाकण, खेड, मंचर, नारायणगाव आणि तिथून डावीकडे जुन्नर, साधारण नव्वद किलोमीटर. तुम्ही जाणार असाल तर चाकण सातच्या आत ओलांडा, नंतर ट्रकांच्या मागे बसून नशिबाला बोल लावावा लागतो. माझी गाडी जुनी, हाताने गिअर टाकायची. शेजारी निवृत्त ड्रायव्हर बसला असेल तर अशा गाडीने जाऊ नये, हा माझा पहिला प्रामाणिक सल्ला.

"दुसरा टाक."

"आप्पा, तिसऱ्यात जातेय ना?"

"जाती न्हाई, रडती. इंजिनाचं ऐकत जा की जरा."

इंजिनाचं ऐकायचं नाही म्हणून मी गाणी लावली. मुद्दामच ती चाल लावली. चार सूर वाजले असतील नसतील, आप्पा खिडकीकडे बघत म्हणाले, "बंद कर ते." मी बंद केलं.

नारायणगावला मिसळ खाल्ली. म्हणजे मी खाल्ली. आप्पा गाडीतच बसले, कारण रस्सा ओठाच्या कडेने गळतो आणि लोक बघतात. मिसळ झणझणीत होती, पाव ताजे होते आणि मला आधी आप्पांचा राग आला, मग दया आली, मग दया आल्याचाच राग आला. बिल देऊन मी त्यांच्यासाठी केळी घेतली.

जुन्नरला एसटी स्टँडपाशी जागा मिळाली तर गाडी तिथेच लावा, बाजारपेठेच्या गल्ल्यांत घालू नका. आम्ही चालत रशीदभाईंच्या दुकानात गेलो. रशीदभाई आप्पांचे शाळेपासूनचे दोस्त. आधी रेडिओ दुरुस्ती, मग कॅसेटी आणि आता मोबाइलची कव्हरं. त्यांनी आप्पांना मिठी मारली आणि पहिल्याच झटक्यात मफलर खाली ओढला.

"माझ्याफुडं कसली लाज रं किसन? मी तुला शाळेत शर्टाच्या बाहीला नाक पुसताना बघितलंय."

आप्पा हसले. हसू एकाच बाजूला गेलं, पण हसले.

दुपारी दुकानामागच्या घरात जेवलो. भाभींनी मटणाचा रस्सा आणि बाजरीच्या भाकरी केल्या होत्या आणि आप्पांच्या हाताशी न बोलता एक जादा रुमाल ठेवला. (तुमचे जुन्नरात रशीदभाई नसतील, तर एखाद्या खानावळीत मासवडी खा. तिच्यासाठीच येणारे लोक मला माहीत आहेत.) जेवण झाल्यावर रशीदभाईंनी कपाटातून जुना टेप काढला.

हे दोघे विशीत असताना जुन्नरच्या थेटरात तो सिनेमा लागला होता. इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं. तरी सात वेळा पाहिला. रशीदभाई म्हणाले, "पिच्चर कोण बघत व्हतं, ताई? आमी डोळे मिटून बसायचो. पडद्यावर दोघं जण नुसते येकमेकाकडं बघत उभे, आन् मागनं ते संगीत. आमाला वाटायचं आमीच उभे हाय. बोल न्हाईत ना त्यात, मंग ज्याला पायजे त्यानं आपलं घालावं."

पुढे पुण्यातल्या कुणाकडून त्यांनी तबकडी आणली आणि घरी समोर माईक धरून कॅसेटवर उतरवून घेतली. त्यांनी बटण दाबलं. आधी बराच वेळ खरखर, मग ती शीळ. खरखरीतून आली म्हणून असेल, पण ती अगदी शेजारच्या खोलीतून आल्यासारखी वाटली. मग घंटा. मग बाईचा तो आवाज वर चढत गेला आणि त्यातच मागून दुसऱ्या एका बाईची हाक आली, "रशीद, खाना लग गया!"

"अम्मी," रशीदभाई म्हणाले. "रेकॉर्डिंग चालू हाय ते तिला काय म्हाईत. लई चिडलो व्हतो तवा. तिला जाऊन आता तीस वर्सं झाली. दुसरीकडं कुठंच तिचा आवाज न्हाई माझ्याकडं."

मी रडले. लपवण्यासारखं त्यात काही नाही. आप्पांनी मफलर परत वर घेतला होता, पण डोळे उघडेच होते. कॅसेट शेवटपर्यंत वाजली. एवढं मात्र नक्की की त्यांनी ह्या वेळी "बंद कर" म्हटलं नाही.

निघताना रशीदभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्याला शीळ घालायला लाव. कसं बी कर."

जणू मी त्यासाठीच निघाले नव्हते!

जुन्नरहून घोडेगावला आलो. तिथून डिंभ्यापर्यंत भीमाशंकरला जाणाऱ्या गाड्यांची सोबत असते. डिंभ्याला त्या त्यांच्या वाटेला जातात, आपण आहुप्याचा फाटा धरायचा आणि मग रस्ता तुमचा एकट्याचा. पेट्रोल घोडेगावातच भरा, पुढे भरवसा नाही. धरणाचं पाणी कितीतरी वेळ बाजूने येत राहतं. काठाला भातं कापून झालेली, खळ्यांवर झोडणी चाललेली, पेंढ्याचा वास गाडीत येत होता. रस्ता मधूनमधून उखडलेला आहे, चाळीसेक किलोमीटरला दोन तास धरा.

चढ सुरू झाला आणि आप्पांना कंठ फुटला. हा मोरीचा उतार, इथे म्हैस आडवी आली होती, इथे कंडक्टर उतरून दगड काढायचा.

"आता आंब्याचं वळण यील. दुसरा टाक."

वळणावर खरंच एक जुना आंबा होता. मी हट्टाने तिसऱ्यातच राहिले. गाडी दोन आचके देऊन जागीच बंद पडली. आप्पांनी हँडब्रेक ओढला. मग त्यांनी मला सांगितलं, की भरलेली बस ह्या वळणावर तिसऱ्यात कधीच चढली नाही. त्या गाड्यांना क्लच दोनदा दाबायला लागायचा. दाबायचा, गिअर काढायचा, सोडायचा, थोडी रेस द्यायची, पुन्हा दाबायचा आणि मग दुसरा टाकायचा. त्यांचा डावा हात हवेतच फिरत होता. चुकलं तर गाडी मागे यायची, आणि मागे दरी.

चारला आहुप्यात पोचलो. मुक्काम ठकूबाईंकडे. साठीच्या बाई, अंगणाला लागूनच एसटीची थांबायची जागा, दोन खोल्या पाहुण्यांसाठी. दोन वेळचं जेवण, चहा आणि झोपणं धरून माणशी सातशे रुपये, आधी फोन करून गेलेलं बरं. संध्याकाळी कड्यावर गेलो. पायाखाली एकदम कोकण सुरू होतं. तिथे उभं राहिल्यावर मला त्या सिनेमांतली माणसं आठवली, एवढ्या मोठ्या मोकळ्या जागेत एकटी उभी असलेली. त्या संगीतकाराला ही जागा दाखवायला हवी होती असं वाटलं. देवराईत सकाळी जाऊ, असं आप्पा म्हणाले. मुक्कामी गाडी आली तेव्हा ते ओट्यावर बसून तिच्याकडे नुसते बघत राहिले.

जेवायला पिठलं, नव्या तांदळाचा भात, नाचणीची भाकरी आणि ठेचा. आप्पा भिंतीकडे तोंड करून जेवले. ठकूबाईंनी पाहिलं, पण विचारलं नाही. जुन्या ड्रायव्हरला गावात कुणीतरी ओळखेल, अशी माझी आशा होती. पण मफलरमागच्या माणसाला कोण ओळखणार? मी जरा खट्टूच झाले.

सकाळी सहाला अंगणात चहा घेत होतो. थंडी चांगलीच होती. एसटीचं इंजिन सुरू झालं. ठकूबाई चुलीपासून उठल्या, अंगणाच्या कडेला गेल्या, पदर सावरला आणि ओठांचा चंबू करून त्यांनी शीळ घातली.

ती चाल. तीच.

पहिली ओळ झाली. मग थांबा. मग दुसरी ओळ. खालच्या वाडीतून कुणीतरी तीच चाल परत पाठवली, तशीच, थांब्यासकट. मी कप खाली ठेवला. आप्पा उभे राहिले होते.

"मावशी, ही शीळ कसली?"

"कसली म्हंजी? गाडीची." त्यांना माझा प्रश्नच कळेना. "गाडी सुटायची येळ झाली की घालायची. खालच्या वाडीला गाडी दिसत न्हाई, मंग त्यांनी परत घातली की समजायचं माणसं निघाली. लई वर्सांपासनं हाय."

"पण ही चाल आली कुठून?"

"येक डायवरभाऊ व्हते. माझी पोरगी तवा पंधरा दिसांची. गाडी ही अशी अंगणातच लागायची. सकाळी हारन वाजला की पोर दचकायची, मंग दिसभर रडायची. मी म्हनलं, भाऊ, तेवढं पोरीला झोपू द्या वो. दुसऱ्या दिसापासनं त्यांनी हारनला हात लावला न्हाई. शीळ घालायचे. ते बदलून गेले, पर आमाला सवय लागली. पोरीला आता दोन लेकरं हायती."

आप्पांनी मला हे कधीच सांगितलं नव्हतं. कदाचित त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नसेल.

पण माझ्या डोक्यात तो थांबा अडकला होता. मी फोनवरची मूळ चाल लावली. ठकूबाई मन लावून ऐकत होत्या. पहिली ओळ संपली, दुसरी लगेच सुरू झाली, आणि त्यांनी हात झटकला.

"ह्ये चुकतंय. ह्याला दम न्हाई धरवत."

इतक्या मोठ्या संगीतकाराची आहुप्यात अशी वासलात लागली. मी हसत आप्पांना विचारलं, "तुम्ही तिथे का थांबायचा?"

"कुठं?"

"पहिल्या ओळीनंतर. मूळ चालीत थांबा नाहीच आहे."

"असतो की. थांबायचंच असतं तिथं." त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं. चेहरा गोंधळला. मग ते डोळे मिटून चाल मनातल्या मनात म्हणायला लागले असावेत, कारण त्यांचा डावा पाय सारवलेल्या अंगणात दाबला गेला. सुटला. पुन्हा दाबला गेला. डावा हात किंचित मागे आला.

"आंब्याचं वळण," आप्पा म्हणाले. "रोज वर येताना तिथंच संपायची ही पहिली ओळ. दुसरा पडंस्तोवर जीव टांगणीला, शीळ कुठली घालतोय? पडला की फुडं."

एका माणसाच्या गिअर बदलण्याएवढा तो थांबा. अख्खं गाव तीस वर्षं तेवढाच थांबत होतं, ज्यांनी कधी स्टिअरिंगला हात लावला नाही ते सुद्धा. आप्पांच्या हातचं इतकं काही ह्या डोंगरात राहिलं असेल, हे मला माहीत नव्हतं आणि त्यांनाही नव्हतं. मला फार आनंद झाला.

ठकूबाई जवळ आल्या. "भाऊ, त्यो मफलर काढा जरा."

आप्पांनी काढला. बाईंनी वाकडं तोंड पाहिलं, डोळे पाहिले, आणि कपाळावर हात मारून घेतला. "आवो, कालच्यान् भिताडाकडं तोंड करून जेवताय! सांगायचं न्हाई का? घाला आता. गाडी तुमचीच हाय."

"शीळ निघत न्हाई आता," आप्पा म्हणाले.

"गाडी सुटायला अजून पाच मिन्टं हायती."

आप्पांनी ओठ जुळवले. डावीकडून नुसती हवा गेली. पुन्हा जुळवले, पुन्हा हवा. ठकूबाईंनी मग पहिली ओळ स्वतः घातली आणि दुसरी त्यांच्यासाठी सोडून उभ्या राहिल्या. थांबा संपला, आप्पांची फुसफुस झाली, आणि नेमक्या त्याच क्षणी खालच्या वाडीने दुसरी ओळ पुरी केली. आप्पा मोठ्याने हसले. दात दिसले, सगळं वाकडं दिसलं, आणि त्यांनी तोंडावर हात धरला नाही.

देवराईत गेलो, तिथे त्यांनी मला झाडांची नावं सांगितली. दुपारी उतरताना आंब्याच्या वळणावर मी कुणी सांगायच्या आत दुसरा टाकला. घोडेगावला भजी खाल्ली. नारायणगाव वाटेत येत नव्हतं, तरी तिकडे वळवून आप्पांना टेबलावर बसवलं. त्यांनी मिसळ मागवली. रस्सा गळला, त्यांनी रुमालाने पुसला, समोरच्या टेबलावरचा एक जण बघत होता, आप्पाही त्याच्याकडे बघत राहिले. शेवटी त्यानेच मान खाली घातली.

येऊन तीन आठवडे झाले. फ्रिजवरचं पाकीट संपलं, दुसरं आणलं. घरभर फुगे आहेत, पंखा लावायची सोय नाही. त्या इटालियन माणसाचं मी आता रोज ऐकते आणि मला अजूनही वाटतं की तो घाई करतो. त्याने ती चाल कुठल्या वाळवंटासाठी केली असेल ती असो. आंबेगाव तालुक्यात तिच्यावर लोक एसटी पकडतात आणि रशीदभाईंची अम्मी तिच्यात जेवायला बोलावते. तो आज नाही. त्याला हे कुणी कळवलं असतं तर बरं झालं असतं.

काल संध्याकाळी भाजी घेऊन परत आलो. आमच्या सोसायटीत पार्किंग वरच्या मजल्यावर आहे, चढ अवघड आणि मध्येच वळण. मी तिसऱ्यात होते. शेजारून काहीतरी बारीक आवाज आला. मला वाटलं काच उघडी राहिली. नीट ऐकलं तर सूर होते, फाटके, हवेने भरलेले, पण सूर. पहिली ओळ पुरी झाली आणि आप्पा थांबले. माझ्याकडे बघत नव्हते, समोर वळणाकडे बघत होते.

मी क्लच दाबला आणि दुसरा टाकला. मग त्यांनी पुढची ओळ घेतली.